माऊ, कुंडी आणि फुलदाणी

ज्यांच्या घरात मांजर आहे आणि गॅलरीत चार कुंड्याही आहेत, अशा सगळ्यांशी आज मला थोडं बोलायचं आहे. मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मांजरांची संख्या मोठी असते. त्यांच्या मालकांकडून एक वाक्य मी नेहमी ऐकतो. ‘डॉक्टर, मुकं जनावर असलं तरी त्याला उपजत कळतं हो. विषारी पाल्याला ते तोंड लावत नाही.’

हे वाक्य अगदीच खोटं नाही. वाड्याच्या परसात, कोकणातल्या आगरात किंवा शेतावरच्या घरात वाढलेल्या मांजराला हिंडायला मोकळं रान असतं. त्याला गवत खावंसं वाटलं, तर समोर हवं तेवढं गवत असतं. कडू, चिकाळ पानाकडे ते वळतच नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मांजराचं काय? त्याच्यापुढे हिरवं म्हणून जे काही आहे, ते आपण कुंडीत लावलेलं किंवा फुलदाणीत ठेवलेलं. निवड आपण केलेली असते, त्याने नाही. निवडीला वावच नसला, की उपजत शहाणपण फारसं कामाला येत नाही.

मांसाहारी मांजर पाला खातं तरी कशाला, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. पोट बिघडलं की ते गवत खाऊन उलटी काढतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी हजारांहून अधिक मांजरांच्या मालकांकडून याबद्दल माहिती गोळा केली. तेव्हा दिसलं की बहुतेक मांजरं अधूनमधून पाला खातात आणि खाण्यापूर्वी त्यातली फारच थोडी आजारी दिसतात. रानटी पूर्वजांच्या आतड्यातले जंत बाहेर पडायला या सवयीची मदत होत असावी आणि तीच सवय पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली असावी, असा त्यांचा कयास आहे. थोडक्यात, पाला चावणं हा मांजराचा स्वभाव आहे. रागावून किंवा टपली मारून तो जायचा नाही. पिल्लांच्या बाबतीत तर विचारूच नका. हलणारं प्रत्येक पान त्यांना खेळणं वाटतं.

आता दुसरी गोष्ट. एखादं झाड माणसाला किंवा कुत्र्याला सोसलं, म्हणून ते मांजरालाही सोसेल असं नाही. शरीरात गेलेली अनेक रसायनं यकृत एका ठरावीक पद्धतीने निकामी करून बाहेर टाकतं. त्यासाठी लागणारी काही एन्झाइम्स मांजराच्या यकृतात फारच दुबळी असतात. त्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम तयार करणारा जनुक मांजरात निकामी झालेला आहे, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्याचं कारण हेच. शिवाय मांजराचा स्वच्छतेचा सोस. अंगावर पडलेली धूळ, पराग, औषधाचा फवारा, सगळं ते जिभेने चाटून साफ करतं. म्हणजे जे त्याने खाल्लं नाही, तेही शेवटी पोटात जातं.

विषारी झाडं म्हटली की लोक घाबरून सगळ्याच कुंड्या उचलायला निघतात. तसं करायचं कारण नाही. सगळी झाडं सारखीच विषारी नसतात. मी त्यांच्या चार पायऱ्या करतो, म्हणजे कुठे सावध राहायचं आणि कुठे धावपळ करायची, ते ध्यानात राहतं.

पहिली पायरी तोंड खाजवणाऱ्या झाडांची. अळूची भाजी करणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. कच्चं अळू घशाला खाजतं, म्हणून आपण त्यात चिंच किंवा आमसूल घालतो. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे येते. अळूच्या कुळातली पुष्कळ मंडळी आज आपल्या दिवाणखान्यात आहेत. मनी प्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अग्लोनेमा, कॅलेडियम, मॉन्स्टेरा आणि पीस लिली ही सगळी त्यातलीच. मांजराने यांचं पान चावलं की तोंडातून लाळ गळते, ते पंजाने तोंड ओरबाडतं, क्वचित उलटी होते. हा त्रास बहुधा काही तासांत ओसरतो आणि सहसा जिवावर बेतत नाही. मात्र तोंड किंवा घसा सुजला, श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर ताबडतोब डॉक्टर गाठायला हवा.

दुसरी पायरी पोट बिघडवणाऱ्या झाडांची. आपण औषधी म्हणून लावलेली कोरफड यातच येते. तिच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने मांजराला उलट्या आणि जुलाब होतात. स्नेक प्लांट, ड्रासिना, जेड ही शोभेची झाडंही याच रांगेतली. मोठं, धडधाकट मांजर यातून लवकर सावरतं. पिल्लू किंवा म्हातारं मांजर असेल तर उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होतं आणि मग सलाइन लावावं लागतं.

तिसरी पायरी मात्र गंभीर. यातली झाडं थेट हृदयावर, यकृतावर किंवा सगळ्या शरीरावरच घाव घालतात. कण्हेर आपल्या ओळखीची. तिची फुलं देवाला वाहिली जातात आणि महामार्गाच्या दुभाजकावर ती मुद्दाम लावली जाते, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. तिचं पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी आहे. पान वाळलं तरी विष जात नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे मुलं जिच्या बियांनी खेळतात ती बिट्टी, मारुतीला वाहतो ती रुई आणि गच्चीवर हौसेने वाढवलेलं अडेनियम, या सगळ्यांत हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं असतात. पानफुटी आणि फुलांसाठी विकत आणतो ते कलांचो ही भावंडंही त्याच वाटेने जाणारी.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगतो. हल्ली दारात घंगाळं ठेवून त्यात पाणी घालायची आणि वर फुलं तरंगत ठेवायची पद्धत आहे. दिसायला फार सुरेख. पण मांजराला वाटीतल्या पाण्यापेक्षा असं उघडं पाणी जास्त आवडतं. त्यात कण्हेरीची फुलं असली, तर विष पाण्यातही उतरतं. घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या घाला, मोगरा घाला, कण्हेर नको. निर्माल्यही झाकून ठेवा. सोसायटीच्या बागेत माळीदादा कण्हेर छाटतात, तेव्हा फांद्यांचा ढीग तिथेच वाळत पडू देऊ नका.

याच पायरीवर आणखी दोघे आहेत. एक सायकस. बंगल्याच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना ठेवायची याची फॅशन आहे. काही जण याला सागो पाम म्हणतात, पण तो पाम नाहीच. त्याने यकृत निकामी होतं आणि बी तर सगळ्यांत वाईट. दुसरी कळलावी. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर चढून ज्योतीसारखी लाल-पिवळी फुलते ती. कोकणात गौरीच्या सणाशी तिचं नातं आहे आणि तमिळनाडूचं ते राज्यपुष्प आहे. तिच्यात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. माणसाच्या संधिवातावर ते अत्यंत मोजून वापरतात. तिचा कंद रताळ्यासारखा दिसल्यामुळे माणसांना विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत. मग चार किलोच्या मांजराची काय कथा? सणाला कळलावी घरात आणली, तर ती उंच, बंद जागी ठेवावी आणि सण झाला की लगेच बाहेर काढावी.

आता चौथी पायरी. माझं आजचं बोलणं मुख्यतः हिच्यासाठीच आहे. ती आहे लिलीची.

लिली हे नाव आपल्याकडे फार सैल वापरलं जातं. पीस लिलीचं आत्ताच सांगितलं, तिने तोंड खाजतं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर उगवणारी रेन लिली, पांढरी स्पायडर लिली आणि मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली, यांच्या कंदाने उलट्या होतात. कळलावीलाही इंग्रजीत ग्लोरी लिली म्हणतात. पण ज्या लिलीविषयी मी बोलतोय, ती पुष्पगुच्छात असते. सहा मोठ्या पाकळ्या, पांढरा, गुलाबी किंवा केशरी रंग, घमघमणारा वास आणि मधोमध लोंबणारे तपकिरी-केशरी परागकोश. कपड्याला लागले तर डाग पडतो, ते. एशियाटिक आणि ओरिएंटल लिली म्हणून ती विकली जाते. बागेतली डे लिलीही मांजराच्या बाबतीत तितकीच घातक.

ही लिली मांजराचं मूत्रपिंड निकामी करते. पान, पाकळी, देठ, पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. एखाद-दुसरं पान चावलेलं किंवा अंगावर पडलेला पराग चाटलेला पुरतो. गंमत म्हणजे, खरं तर गंमत कसली, कुत्र्याने हीच लिली खाल्ली तर त्याचं पोट तेवढं बिघडतं, मूत्रपिंडाला काही होत नाही. म्हणून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत पशुवैद्यांच्याही हे नीटसं ध्यानात आलेलं नव्हतं. त्यावर उतारा म्हणावा असं औषध आजही नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई बँकेतून सेवानिवृत्त झाल्या. शनिवारी निरोप समारंभ झाला, सहकाऱ्यांनी मोठा पुष्पगुच्छ दिला. घरी येऊन त्यांनी तो टेबलावर फुलदाणीत ठेवला. त्यांची सोनी नावाची चार वर्षांची मांजरी टेबलावर चढून फुलं हुंगून गेली. रविवारी सकाळी तिने दोनदा उलटी केली. संध्याकाळी थोडं दूधही प्यायली. घरच्यांना वाटलं, केसांचा गोळा असेल, पडून गेला, बरं झालं. सोमवारी ती पलंगाखालून बाहेर आली नाही. मंगळवारी माझ्याकडे आणली तेव्हा तिची लघवी थांबली होती. रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा पाहिला आणि काय झालंय ते कळलं. घरात फुलं आहेत का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘आहेत, पण तिनं एकही फूल खाल्लेलं नाही.’ आणि ते खरंच होतं. सोनीच्या पांढऱ्या छातीवर केशरी परागाचा पुसट डाग होता. उरलेला तिने चाटून साफ केला होता. सगळे उपचार केले, पण गुरुवारी सोनी गेली. एका मायेने दिलेल्या भेटीने दुसरं मायेचं माणूस घरातून जावं, हे त्यांना फार लागलं. मांजराला मी माणूस म्हणालो, पण त्या घरात ते तसंच होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एक कॉलेजातला मुलगा रात्री साडेदहाला टोपलीत मांजर घेऊन आला. मांजर अगदी ठणठणीत. पण त्याच्या नाकाला पराग लागलेला या मुलाने पाहिला होता आणि लिलीबद्दल कुठेतरी वाचलेलं त्याला आठवलं होतं. त्याने ओल्या फडक्याने मांजराचं तोंड आणि पंजे पुसले, फूल पिशवीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला. त्या मांजराला आम्ही तीन दिवस शिरेतून सलाइन दिलं, रोज रक्त तपासलं. मूत्रपिंडाला धक्काही लागला नाही. चौथ्या दिवशी ते घरी गेलं.

दोन्ही मांजरांत फरक होता तो वेळेचा. लिलीच्या बाबतीत साधारण पहिल्या १८ तासांत उपचार सुरू झाले, तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. पुढे ती झपाट्याने कमी होते. आणि हे विष मोठं फसवं आहे. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग त्या थांबतात. मालकाला वाटतं, सुटलो. प्रत्यक्षात त्याच वेळी आत मूत्रपिंड खराब होत असतं. एक ते तीन दिवसांत ते काम थांबवतं. लघवी एकदा पूर्ण बंद झाली, की आमच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून लिलीशी संबंध आल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट पाहायची नाही. ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य इथे चालत नाही.

मग घरात काय करायचं? लिलीपुरता माझा सल्ला साधा आहे. मांजर असलेल्या घरात ती आणूच नये. उंच ठेवली, कपाटावर ठेवली, हे मांजरापुढे चालत नाही. जिथे तुमचा हात पोचतो, तिथे ते तुमच्या आधी पोचतं. शिवाय पराग खाली गळतो. फुलवाल्याला सांगा, लिली वगळून गुच्छ बांध. गुलाब, जर्बेरा, ऑर्किड घालून तो तितकाच देखणा होतो. आणि दुसऱ्याकडे गुच्छ नेताना, त्यांच्या घरी मांजर आहे का, एवढं विचारून घ्या.

दुसरं, आपल्या कुंड्यांची एकदा हजेरी घ्या. कोणतं झाड आपल्याकडे आहे, याचा कित्येकांना पत्ताच नसतो. रोपवाटिकेतून ‘शो प्लांट’ म्हणून आणलेलं असतं. त्याचं नाव विचारून वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतलं काही असेल, तर ते मांजर नसलेल्या नातेवाइकांना द्या. पहिल्या दोन पायऱ्यांतली झाडं टांगत्या कुंडीत, मांजराला उडी मारायला आधार मिळणार नाही अशा जागी ठेवता येतात.

तिसरं, मांजराला त्याचं हक्काचं हिरवं द्या. आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो ना, तसंच. पसरट कुंडीत किंवा फुटक्या परातीत माती घाला, मूठभर गहू रात्रभर भिजवून पेरा. आठ-दहा दिवसांत बोटभर कोवळे अंकुर येतात. मांजर ते आवडीने खातं आणि बाकीच्या कुंड्यांकडचं त्याचं लक्ष पुष्कळ कमी होतं. दर पंधरवड्याला नवी पेरणी केली की काम झालं. बागेची हौस असलेल्यांना मांजराच्या दृष्टीने निर्धोक झाडंही भरपूर आहेत. गुलाब, मोगरा, जाई, जुई, तुळस, अरेका पाम, बोस्टन फर्न, स्पायडर प्लांट. एवढ्यांत गॅलरी भरून जाईल.

झाडांइतकंच झाडांवर मारलेल्या औषधांकडे लक्ष असू द्या. कीटकनाशक फवारलं, तर पानं पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तिकडे फिरकू देऊ नका. परमेथ्रिन असलेली, कुत्र्यांच्या पिसवांसाठीची औषधं मांजराला लावणं जीवघेणं ठरतं. गोगलगाईंसाठी टाकलेल्या गोळ्या आणि उंदराचं विष यांचीही तीच गोष्ट. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी धोका असतोच. घरगुती म्हणून निर्धास्तपणे फवारला जाणारा लसूण-मिरचीचा अर्कही मांजरासाठी चांगला नाही. कांदा आणि लसूण यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि एवढं करूनही काही झालंच तर? तोंडात पानाचे तुकडे असतील, तर ते हलकेच काढा. अंगावर, पंजावर पराग असेल तर ओल्या फडक्याने पुसा, मांजराला चाटू देऊ नका. झाडाची फांदी किंवा फूल पिशवीत घाला, निदान फोटो काढा आणि डॉक्टरांना फोन करून निघा. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, ते आठवून ठेवा. ओळखीचा दवाखाना बंद असेल, तर दुसरा कोणता उघडा असतो, तो क्रमांक आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुमच्या जवळच्या ठिकाणी मांजरांवर केव्हा आणि कसे उपचार होतात, ते गरज पडण्याआधीच विचारून ठेवलेलं बरं.

काय करायचं नाही, तेही सांगतो. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढायला जाऊ नका. त्याने मांजराला जास्तच अपाय होतो, पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. दूध पाजलं की विष उतरतं, हा समज खरा नाही. आणि मघाशी सांगितलेली पॅरासिटामोल, तिला तर हातही लावू नका.

शेवटी नेहमीचा एक प्रश्न. ‘मग सोसायटीतली कण्हेर तोडून टाकायची का?’ माझं उत्तर, नाही. कण्हेर तिच्या जागी शोभते. तिच्यावर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, देवाला फुलं मिळतात. मोकळ्यावर हिंडणारी मांजरं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. तोडण्यापेक्षा ओळखणं महत्त्वाचं. आपल्या आजीला परसातलं प्रत्येक झाड नावानिशी ठाऊक होतं. कशाचा पाला गाईला घालायचा, कशाचा नाही, कशाचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, हे ती मुलांना सांगायची. आपली झाडं आता दुकानातून येतात, त्यांच्याबरोबर हे ज्ञान येत नाही. ते आपणच मिळवायला हवं. आज घरी गॅलरीत जा, एकेका कुंडीपाशी उभे राहा आणि तिचं नाव सांगता येतंय का ते पाहा. ज्या झाडाचं नाव सांगता येणार नाही, तिथून सुरुवात करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)